उतरणाऱ्याचं पहिलं पाऊल

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय 'सायकल मार्ग आणि बसथांबा' असा कळवला, तेव्हा संयोजकांना वाटलं की मी पर्यावरणावर बोलणार. तसं काही करणार नाही. इंधनाची बचत, हवेचं प्रदूषण, गुडघ्यांचं आरोग्य, पुणं एके काळी सायकलींचं शहर कसं होतं, हे तुम्ही अनेकदा ऐकलं आहे आणि समोरच्या दोन रांगांतल्या मंडळींनी तर ते जगलेलंही आहे. मला आज एका अगदी लहान जागेबद्दल बोलायचं आहे. बस थांब्याला लागते, दार उघडतं, माणूस पायरीवरून खाली पाय टाकतो. तो पाय जिथे पडतो, तिथूनच सायकलींची स्वतंत्र, कठड्यानं राखलेली वाट जात असेल तर थांबायचं कुणी? उतरणाऱ्यानं की सायकलवाल्यानं?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण सायकल मार्ग बांधणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शहराचं घोडं या जागी अडलं आहे. मोटारींपासून सायकलला वाचवायचं तर तिला रस्त्याच्या कडेला न्यावं लागतं. आणि रस्त्याच्या कडेलाच बस थांबते. म्हणजे सायकलला मोटारीच्या तावडीतून सोडवलं की ती नेमकी बसच्या दारात येते.

दारातला तो क्षण जरा जवळून बघू या. बस आपल्या डाव्या अंगाला दार उघडते. उतरणारा माणूस पदपथाकडे तोंड करून उभा असतो. सायकल बसच्याच दिशेनं, मागून येते, म्हणजे त्याच्या डाव्या हाताकडून. त्या बाजूला दाराची चौकट असते, दांडा असतो, मागे उभ्या असलेल्या माणसाचा खांदा असतो. त्यातून हातात भाजीची पिशवी असेल आणि वय सत्तरच्या पुढचं असेल, तर नजर खाली पायरीवर असते, कारण पायरी उंच आहे आणि मागचे लोक घाई करताहेत. पुष्कळ आजी तर दांडा धरून तिरक्या उतरतात, म्हणजे रस्त्याकडे जवळजवळ पाठच असते. सायकलवाल्याच्या बाजूनं बघा. त्याला बसची लांबलचक भिंत दिसते. दार उघडलेलं कळतं ते तो दाराच्या बरोबरीला आल्यावर. दोघंही सभ्य, दोघंही नियम पाळणारे, आणि तरीही दोघांनी एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मध्ये हातभर अंतर उरलेलं असतं.

आपल्याकडे हे सायकल मार्गाविनाच घडतं, हे वेगळं सांगायला नको. बस कडेला लागतच नाही. रिक्षा उभ्या, टेम्पो उभा, म्हणून ती रस्त्यात अलीकडेच थांबते, आणि बस व पदपथ यांच्यामधल्या फटीतून दुचाक्या सुळकन निघून जातात. दारात उभा असलेला कंडक्टर हात आडवा करून ओरडतो, "थांबा, थांबा, गाडी जाऊ द्या!" हा हात ही आपली आजची सुरक्षा यंत्रणा. उद्या त्याच फटीला आपण रंग देऊन सायकल मार्ग म्हटलं तर यंत्रणा तीच राहणार आहे का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता थोडं गणित, फार नाही. ताशी २० किलोमीटर वेगानं जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. समोर कुणी आलं हे डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर दाबली जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात साडेपाच मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक असलेली सायकल आणखी पाच मीटरभर जाऊन थांबते. एकूण साधारण अकरा मीटर. आपली मोठी बस बारा मीटर लांब असते. म्हणजे सायकलवाला बसच्या मागच्या टोकाशी असताना त्याला पुढच्या दारातून उतरणारा दिसला, तर तो कसाबसा थांबेल. मधल्या खिडक्यांपर्यंत येऊन दिसला तर थांबणार नाही. हाच वेग १२ किलोमीटर असेल तर सगळं मिळून पाच मीटर पुरतात, अर्ध्या बसहून कमी. ताशी २५ किलोमीटरला पंधरा मीटर लागतात आणि बसची लांबी अपुरी पडते. हा पंचवीसचा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २५० वॉटच्या आतली मोटर आणि २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या विजेच्या दुचाकीला आपल्या कायद्यानं नोंदणी लागत नाही. घरपोच जेवण आणणारी कितीतरी मुलं तीच चालवतात, आणि सायकल मार्ग मोकळा दिसला की तीच आधी त्यात शिरतात.

पावसात हे सगळे आकडे वाढतात. कितीनं, ते ब्रेकच्या रबरावर आणि रस्त्यावर फासलेल्या रंगावर अवलंबून. त्या रंगाकडे मी नंतर येतो.

कोपनहेगनचं उदाहरण प्रत्येक सायकल व्याख्यानात येतं आणि ते बहुधा कौतुकासाठी येतं. मी ते अडचणीसाठी घेतो. तिथे रस्त्याच्या तीन पायऱ्या असतात: खाली मोटारी, त्याहून काही इंच वर सायकली, त्याहून वर पदपथ. नॉरेब्रोगेड नावाचा रस्ता आहे, दुकानांचा, गर्दीचा, आपल्या लक्ष्मी रस्त्याच्या स्वभावाचा. त्याच्या टोकाच्या राणी लुईझच्या पुलावरून दिवसाला ४०,००० च्या आसपास सायकली जातात. २००८ पासून या रस्त्यावर मोटारींना आवर घालून बस आणि सायकल यांना जागा दिली गेली. सकाळच्या वेळी तिथले सिग्नल ताशी २० किलोमीटरनं जाणाऱ्या सायकलला सलग हिरवे मिळावेत असे लावलेले आहेत. म्हणजे सायकलवाल्याला सरकारच सांगतं की वीसनं चल, थांबावं लागणार नाही. आणि त्याच रस्त्यावर बसही धावतात, खच्चून भरलेल्या.

सोरेन अंडरलीन जेन्सन नावाच्या डॅनिश संशोधकानं कोपनहेगनमधल्या रस्त्यांची सायकल मार्ग होण्याआधीची आणि नंतरची तुलना केली. सायकल मार्ग झाल्यावर त्या रस्त्यांवरची सायकल वाहतूक १८ ते २० टक्क्यांनी वाढली. हे सगळे उद्धृत करतात. त्याच अभ्यासात पुढे असंही आढळलं, की बसमध्ये चढणारे-उतरणारे आणि सायकलवाले यांच्या टकरी कितीतरी पटींनी वाढल्या, आणि त्या मुख्यतः अशा थांब्यांवर जिथे प्रवासी थेट सायकल मार्गावर उतरतो. हे फारसं कुणी उद्धृत करत नाही. माझ्या सायकलप्रेमी मित्रांना मी नेहमी म्हणतो, अर्धाच अभ्यास वाचायचा असेल तर वाचूच नये.

डेन्मार्कनं यावर नियम केला आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. बस आणि सायकल मार्ग यांच्यामध्ये प्रवाशाला उभं राहायला फलाट असेल, तर प्रवाशानं थांबायचं, सायकलला जाऊ द्यायचं आणि मग पदपथावर जायचं. फलाट नसेल आणि प्रवासी थेट सायकल मार्गावरच उतरत असेल, तर सायकलवाल्यानं थांबायचं. बघा, 'सायकल मोठी की पादचारी मोठा' हा वादच नियमानं बाजूला ठेवला. पाहिलं काय? तर उतरणाऱ्याला पाय टेकायला जागा दिली आहे की नाही. जागा दिली असेल तर त्याच्याकडून थांबण्याची अपेक्षा करता येते. दिलीच नसेल तर तो थांबणार कुठे, पायरीवर लटकत?

टोरांटोमध्ये हेच ट्रामच्या बाबतीत आहे आणि ते जुनं आहे. ट्राम रस्त्याच्या मधोमध धावते, प्रवासी चालू रस्त्यात उतरतात. त्यामुळे ऑन्टारियोच्या कायद्यानुसार, मध्ये फलाट नसेल तर ट्रामचं दार उघडलं की मागच्या प्रत्येक वाहनानं, सायकलसुद्धा, सर्वांत मागच्या दाराच्या दोन मीटर अलीकडे थांबायचं. रॉन्सेसव्हेल्स अव्हेन्यूवर त्यांनी आणखी एक गोष्ट केली: थांब्यापाशी सायकल मार्गच चढ देऊन फलाटाच्या उंचीवर आणला. एरवी सायकल खालून जाते, थांब्यापाशी वर चढते, फलाटावरून जाते, पुन्हा उतरते. त्या चढामुळे सायकलवाल्याला कळतं की आपण आता दुसऱ्याच्या ओसरीवर आलो. पाटी वाचावी लागत नाही, मांड्यांनाच कळतं.

नियमाला फलाट पुरतो. पण माणसाला पुरतो का?

कॅनडातल्याच व्हिक्टोरिया शहरात पॅन्डोरा अव्हेन्यूवर असे फलाट बांधले: बस एका बाजूला, पदपथ दुसऱ्या बाजूला, मध्ये सायकल मार्ग. तिकडे याला तरंगता थांबा म्हणतात. अंध नागरिकांच्या संघटनेनं याविरुद्ध ब्रिटिश कोलंबियाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं होतं: मोटार येते ती ऐकू येते, सायकल ऐकू येत नाही. पांढरी काठी घेऊन उभा असलेला माणूस रस्ता ओलांडतो तो कानांनी. सायकल मार्ग ओलांडताना त्याचे कान उपयोगाचे नाहीत, मग तो थांबून वाट कशाची बघणार? २०२० मध्ये न्यायाधिकरणानं हा अंधांबाबतचा भेदभाव आहे हे मान्य केलं. उपाय म्हणून पुढे आले ते आवाज देणारे, लुकलुकणारे दिवे, बटण दाबून सुरू करण्याचे.

लंडनमध्येही हाच वाद आहे. तिथे २०१३ मध्ये बो ते स्ट्रॅटफर्ड या टप्प्यावर बसथांब्याच्या मागून सायकल मार्ग वळवले गेले आणि मग ते शहरभर पसरले. टकरींची नोंद थोडी आहे, असं वाहतूक खातं सांगतं. अंधांच्या संघटना म्हणतात, टक्कर होत नाही कारण आम्ही त्या थांब्यावर जाणंच सोडून दिलं. या उत्तरावर आकडेवारीकडे काही जबाब नसतो. ज्या थांब्यांवर मध्ये फलाटच नाही, प्रवासी थेट सायकलींच्या वाटेत उतरतो, असे नवे थांबे तूर्त बांधू नका, असं ब्रिटिश सरकारनं २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या स्थानिक संस्थांना सांगितलं.

म्हणून डॅनिश नियमाला मी आपल्यापुरती एक दुरुस्ती सुचवतो. फलाट असो वा नसो, जिथे पादचाऱ्यांसाठी पट्टे मारलेले आहेत तिथे सायकलवाल्यानंच थांबायचं. पंगतीत आमटीचं भांडं घेऊन फिरणारा वाढपी "सरका, सरका" म्हणतो खरा, पण भाजलं कुणाला तर जबाबदारी त्याचीच असते, पाटावर बसलेल्याची नव्हे. मी स्वतः सायकल चालवतो, म्हणून हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. मोठ्या रस्त्यावर सायकलवाला दुबळा असतो आणि त्याची तक्रार शंभर टक्के खरी असते. मात्र थांब्यावर त्याच्याकडे वेग असतो, वजन असतं, लोखंड असतं. तिथे तो मोटारवाल्याच्या जागी असतो, आणि मोटारवाल्याकडून त्याची जी अपेक्षा असते तीच त्यानं तिथे पुरी करायची असते.

आता आपल्या शहराकडे येऊ. २००६ च्या डिसेंबरमध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, मार्ग प्रायोगिक म्हणून सुरू झाला. देशातला असा पहिलाच. त्याच वर्षी केंद्राचं नागरी वाहतूक धोरण आलं होतं, वाहनांची नाही तर माणसांची ने-आण महत्त्वाची असं सांगणारं. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र होऊन पीएमपी झाली. बीआरटीच्या कडेनं सायकल मार्गही आखले गेले. २०१७ मध्ये महापालिकेनं शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागद आपल्याकडे कधीच कमी पडले नाहीत.

बीआरटीची एक गंमत अशी की थांबा रस्त्याच्या मधोमध असतो, त्यामुळे बसच्या दाराशी सायकल येतच नाही. म्हणजे आपला प्रश्न सुटला? सुटला नाही, सरकला. प्रवाशाला मधल्या थांब्यावर जायला रस्ता ओलांडावा लागतो. सिग्नलची वाट बघत घोळका उभा राहतो तो पदपथाच्या टोकाशी. पदपथावर पानाची टपरी, विजेचा डीपी आणि उभी केलेली मोटारसायकल असल्यामुळे घोळका एक पायरी खाली उतरतो. ती पायरी म्हणजे सायकल मार्ग. सायकलवाला घंटी वाजवतो, कुणी हलत नाही, कारण हलायला मागे जागाच नाही. तो वैतागून मुख्य रस्त्यावर उतरतो. पुढच्या वेळी तो सायकल मार्गावर येतच नाही. मग आपण म्हणतो, बघा, एवढा खर्च केला आणि सायकलवाले वापरत नाहीत.

न वापरण्याचं दुसरं कारण पायाखाली आहे. आपले बरेच सायकल मार्ग पेव्हर ब्लॉकचे असतात. पाच मिनिटं चालवा, दात किटकिटतात. त्यात दर पन्नास पावलांवर कुठल्यातरी इमारतीचं फाटक, त्यासाठी उतार, मग चढ. आणि मग मार्गाच्या बरोबर मधोमध बसथांब्याची शेड. ही शेड बघताना मला नेहमी वाटतं की मार्ग आखणाऱ्याला थांबा माहीत नव्हता आणि थांबा उभारणाऱ्याला मार्ग. दोघांनी आपापलं काम चोख केलं आहे.

मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी खांब ठोकले जातात. पदपथावरून किंवा सायकल मार्गावरून मोटार वाहन चालवायला बंदी आहेच, पण नियमापेक्षा आपला विश्वास खांबावर जास्त. खांब दाट ठोकले की मोटारसायकल वळसा घालून शिरते, आणि अडकते ती तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची आणि दुधाच्या किटल्या लावलेली सायकल.

मग चांगला थांबा कसा असावा? मला जेवढं खात्रीनं सांगता येतं तेवढं सांगतो.

बस आणि सायकल मार्ग यांच्यामध्ये किमान अडीच मीटर रुंदीचा फलाट हवा. चाकाची खुर्ची जागच्या जागी वळायला दीड मीटर लागतो; उरलेली जागा उभ्या माणसांना. फलाट इतका पुढे आलेला असावा की बसला आत वळावंच लागू नये, ती आपल्या लेनमध्येच थांबेल आणि दार फलाटाला लागेल. यात एक खोच आहे आणि ती मी लपवणार नाही. बस लेनमध्ये थांबली की तिच्या मागच्या मोटारींनाही थांबावं लागतं. वीस-पंचवीस सेकंद. आराखड्याच्या सुनावणीत खरी हरकत यालाच येते, फक्त ती 'सायकलींमुळे कोंडी होईल' अशा शब्दांत येते. बसमधली पन्नास माणसं सुखरूप उतरावीत म्हणून मागच्या पाच मोटारींनी वीस सेकंद थांबावं की नाही, हा प्रश्न सरळ विचारला तर उत्तर द्यायला कुणाला फार वेळ लागणार नाही. म्हणून तो सरळ विचारला जात नाही.

सायकल मार्ग फलाटाच्या मागून न्यायचा, आणि तिथे तो अरुंद करायचा. हे सायकलवाल्यांना आवडत नाही. रुंद मार्गावर एकजण दुसऱ्याला ओलांडून पुढे जातो, आणि ओलांडणाऱ्याचं लक्ष नेहमी ज्याला ओलांडायचं त्याच्याकडे असतं, बाजूला उभ्या माणसाकडे नसतं. थांब्यापुरती एकामागोमाग एक अशीच वाट असावी. थोडं वळण, थोडा चढ, वर आल्यावर फलाटाच्या पातळीला पट्टे. या तीन गोष्टींनी वीसचा बारा होतो, पोलीस उभा करावा लागत नाही. पट्टे एकाच ठिकाणी असावेत आणि पिवळ्या, उंचवट्याच्या फरशा पदपथावरून बरोबर त्या पट्ट्यांशी पोचाव्यात. या फरशा जपानच्या सेइइची मियाके यांनी शोधल्या, आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आपल्याकडे त्या आता सर्रास दिसतात. सजावट म्हणून. पिवळी रेघ छान सरळ जाते आणि खांबावर आपटून संपते. ज्याला दिसतं तो वळसा घालतो. ज्याच्यासाठी ती टाकली त्याचं कपाळ आपटतं.

आता रंग. पट्टे मारतात तो रंग पावसात निसरडा होतो. नेमकं जिथे ब्रेक दाबायचा तिथे निसरडं करून ठेवायचं, ही करामत आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. त्यात खडी मिसळलेला खरखरीत थर मिळतो, तोच मागावा. दुसरं पावसाचंच: फलाट मध्ये उभा केला की त्याच्या आणि पदपथाच्या मध्ये पाट तयार होतो. जूनच्या पहिल्या सरीत त्या पाटात गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी साचणार. पाण्याला वाट काढून दिली नसेल तर जुलैपर्यंत सायकली पुन्हा मोठ्या रस्त्यावर आणि चिखल मार्गात. बाहेरच्या देशांतले नकाशे उचलताना ही गोष्ट हमखास सुटते, कारण आपला पाऊस त्यांच्या नकाशात नसतो.

शेडबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. आपल्या थांब्यांच्या शेडला कडेला एक आडवं खोकं असतं, उजळलेलं, जाहिरातीचं. शेडचा खर्च त्यातून निघतो, त्याला माझी हरकत नाही. पण ते खोकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. सायकल ज्या बाजूनं येते त्या बाजूला असेल, तर आत उभी असलेली माणसं सायकलवाल्याला दिसतच नाहीत. बस आली की त्या खोक्याआडून एकदम चार-पाच जण बाहेर पडतात. तेच खोकं दुसऱ्या टोकाला लावलं तर जाहिरात तेवढीच दिसते, आणि माणसंही दिसतात. शेडची पाठ पत्र्याची नको, जाळीची हवी. यात एक पैसा जास्तीचा नाही.

आणि विक्रेते. थांबा म्हटला की शेंगावाला येणार, वडापावची गाडी येणार. नकाशावर ती नसते म्हणून प्रत्यक्षात येणार नाही असं समजणारे नियोजनकार मी पाहिले आहेत. गाडीला पदपथाच्या आतल्या बाजूला, इमारतीच्या भिंतीशी जागा आखून द्यावी. ती फलाटावर गेली तर वडापाव घेणाऱ्यांची रांग पट्ट्यांवर उभी राहील, आणि सायकलवाला त्या रांगेला घंटी मारत बसेल.

घंटीवरून दोन शब्द. सायकलवाले घंटी वाजवतात ती बहुधा उशिरा आणि रागानं. बसचा ब्रेकलाइट दिसला, कडेची माणसं पिशव्या उचलू लागली, की बस उभी राहण्याआधीच वेग उतरवावा आणि घंटी एकदाच, लांबून, हलकी वाजवावी. 'मी येतोय' एवढंच तिनं सांगावं. 'बाजूला व्हा' हा अर्थ आपण तिला चिकटवला आहे. अंध माणसासाठी तर लांबून वाजलेली घंटी हीच सायकलची एकमेव खूण असते. अगदी जवळ येऊन वाजवली तर तो दचकून नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. दार उघडं असताना फटीतून निसटायचा मोह आवरावा, पाय खाली टेकावा. दोन्ही दारं रिकामी झाली की निघावं. बस आणि तुम्ही पुढच्या सिग्नलला बरोबरच उभे असता, हे रोज सायकल चालवणाऱ्याला ठाऊक आहे.

पायी चालणाऱ्यांनाही एक विनंती. बस येतेय का हे बघायला आपण सगळे दोन पावलं पुढे जाऊन वाकतो. बस वेळेवर येत नाही, तिच्या काचेवरची पाटी लांबून वाचता येत नाही, म्हणून जातो. ही सवय मार्गावर उभं राहायची आहे, आणि ती रागावून जाणार नाही. थांब्यावर पुढची बस किती मिनिटांत येईल हे दाखवणारा फलक चालू असेल, तर माणसं आपणहून मागे बाकावर बसतात. म्हणजे सायकलवाल्याच्या सुरक्षिततेतला एक भाग पीएमपीच्या वेळापत्रकात आहे. अशी ही साखळी आहे. एका खात्याचं काम दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडतं.

म्हणूनच शेवटचा मुद्दा कारभाराचा. रस्ता आणि सायकल मार्ग महापालिकेच्या एका विभागाकडे, शेड बससेवेकडे, जाहिरात ठेकेदाराकडे, डीपी वीज कंपनीकडे, पट्टे आणि सिग्नल यांत वाहतूक पोलिसांचा शब्द. थांब्याच्या नकाशावर या सगळ्यांच्या सह्या एकाच कागदावर, काम सुरू होण्याआधी हव्यात. आणि सह्या करण्याआधी त्यांनी एक सकाळ त्या जागेवर यावं. खडू आणि दोरी घेऊन फलाट जमिनीवर आखावा, रिकामी बस मागवावी, एक पांढरी काठीवाले गृहस्थ, एक चाकाच्या खुर्चीतल्या बाई, पिशवी घेतलेल्या दोन आजी आणि चार सायकलवाले बोलवावेत. आजींना उतरायला सांगावं, सायकलवाल्यांना यायला सांगावं. कुठे अडतं ते दहा मिनिटांत कळेल, आणि दोरी सरकवायला निविदा काढावी लागत नाही.

आपल्या वॉर्डातल्या थांब्यासाठी हे घडवून आणायचं असेल, तर अर्जाचा मसुदा मी बरोबर आणला आहे; बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाहिरातीच्या खोक्याचा मुद्दा त्यात पहिला घातला आहे, कारण तो सर्वांत स्वस्त आहे आणि नाही म्हणायला कुणालाच कारण नाही. आता प्रश्नांना अर्धा तास आहे. मागच्या रांगेतल्या एका ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू या.